विरघळणारा टाका आणि रोपाची पिशवी

तीन वर्षांपूर्वी जुलैच्या पहिल्या आठवड्यात आमच्या रुग्णालयाच्या आवारात वृक्षारोपण झाले. सकाळी अकराची वेळ, ओपीडीबाहेर रांग आणि कुंपणाच्या कडेने आधीच खणून ठेवलेले खड्डे. माझ्या वाट्याला कडुनिंबाचे रोप आले. काळ्या पिशवीतले, गुडघाभर उंचीचे. मी ते खड्ड्यात ठेवले, दोन घमेली माती ढकलली, झारीने पाणी घातले, फोटोसाठी थांबले आणि रांग वाढते आहे म्हणून घाईघाईने आत आले. पुढे मात्र त्या झाडाकडे माझे लक्ष असे. उन्हाळ्यात बाटलीत उरलेले पाणीही मी त्यालाच घालत असे. झाड जगले, पण वाढले नाही. यंदाच्या एप्रिलमध्ये ते वाळले. माळीकाकांनी एका हिसक्यात उपटले, तेव्हा खाली काळी पिशवी जशीच्या तशी होती. आत मुळे गोल गोल फिरून त्यांचा सुतळीसारखा गुंता झाला होता. पिशवीच्या भोकांतून दोन-चार बारीक मुळे बाहेर पडली होती, तेवढ्यावरच ते झाड पावणेतीन वर्षे तगले होते.

‘‘पिशवी तशीच ऱ्हायली की म्याडम,’’ माळीकाका हळूच म्हणाले. दोष द्यायला दुसरे कोणी नव्हते. पिशवी फाडून काढायची असते हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. ठाऊक असूनही घाईत ते झाले नाही. तीस वर्षांच्या सरकारी नोकरीत मी एक गोष्ट पुरती शिकले आहे. जे काम ‘आठवणीने करायचे’ असते, ते शंभरातल्या काही वेळा होत नाही, आणि नेमके गर्दीच्या दिवशी होत नाही. त्यासाठी माणूस बेफिकीर असावा लागत नाही, घाईत असला की पुरते.

वैद्यकात या अडचणीवर एक जुने उत्तर आहे. बाळंतपणात टाके घालावे लागले, तर आम्ही विरघळणारा धागा वापरतो. टाके काढायला आठवड्याने या, असे सांगितलेली प्रत्येक बाई परत येतेच असे नाही. घरी तान्हे मूल असते, एसटी चुकते, सासूबाई म्हणतात बरी आहेस की आता. म्हणून जो धागा काढायलाच लागत नाही तो घालायचा. पूर्वी हा धागा मेंढ्यांच्या किंवा गुरांच्या आतड्यापासून बनत असे, त्याला कॅटगट म्हणत. आताचे पॉलिग्लॅक्टिनचे धागे तीनेक आठवडे ताण धरतात आणि दोन-अडीच महिन्यांत शरीरात जिरून जातात. जखम भरेपर्यंत टिकायचे आणि भरली की नाहीसे व्हायचे, एवढेच त्यांचे काम. रोपाच्या पिशवीकडूनही मला हेच हवे आहे.

जमिनीत जिरणाऱ्या कुंड्या बाजारात आता दिसू लागल्या आहेत. नारळाच्या काथ्याच्या, कागदाच्या लगद्याच्या, शेणाच्या. त्यात बी रुजवायचे आणि रोप तयार झाले की कुंडीसकट मातीत लावायचे. मुळे कुंडीच्या भिंतीतून आरपार जातात आणि कुंडी हळूहळू मातीत मिसळते. हौशी बागवाल्यांची नवी खेळणी, असे अनेकांना वाटते. मला मात्र ही आरोग्याचीही बाब वाटते. त्याचे कारण माझ्या तपासणीच्या टेबलापाशी बसलेल्या एका मावशी आहेत.

या मावशी रोपवाटिकेत पिशव्या भरायच्या कामाला जातात. वय पन्नाशीच्या पुढे, विडी-तंबाखूला कधी हात लावलेला नाही, पण दर पावसाळ्यात दम लागतो आणि खोकला महिना महिना हटत नाही. छातीला नळी लावली की शिट्टीसारखा आवाज. स्वयंपाक कशावर करता, असे विचारले. सिलिंडर आहे, पण तो चहापुरता आणि पाहुण्यांपुरता. बाकी चूल. ‘‘चूल पेटवता कशानं?’’ त्यांनी जरा ओशाळून सांगितले, ‘‘रॉकेल मिळत न्हाई आता. लाकडं वली असत्यात. नर्सरीतल्या फाटक्या पिशव्या आणते घरी. एक लावली की भक्कन जाळ व्हतो.’’

पॉलिथिन हे कार्बन आणि हायड्रोजनचेच बनलेले असते. पुरेशी हवा आणि मोठी उष्णता असलेल्या भट्टीत ते बरेचसे स्वच्छ जळू शकते. चुलीत यातले काहीच नसते. तिथे ते अर्धवट जळते. काजळी, कार्बन मोनॉक्साइड आणि कर्करोगाला कारण ठरू शकणारी काही संयुगे त्या धुरात असतात. त्याच ढिगात पीव्हीसीचा एखादा तुकडा गेला तर डायॉक्सिनसारखी घातक द्रव्येही तयार होऊ शकतात. हा धूर ओणवे होऊन फुंकणी मारणाऱ्या बाईच्या तोंडावर येतो. शेजारी पाटावर नातवंड बसलेले असते. चुलीच्या धुराने फुप्फुसांच्या नळ्या कायमच्या आकसतात हे आम्ही रोज पाहतो. त्यात प्लॅस्टिकच्या धुराची भर कशाला? मावशींना मी औषध दिले, पंप कसा ओढायचा ते शिकवले आणि पिशवी जाळू नका असे बजावले. पण पिशवी जाळायची नाही तर तिचे काय करायचे, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. त्यांच्या गावात ती गोळा करायला कोणी येत नाही.

ही पिशवी चुलीत गेली नाही तर बांधावर राहते, आणि बांधावर राहिली की तिच्यात पाणी साठते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला वाटीभर स्वच्छ पाणी पुरते. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. शिवाय त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला चिकटून कित्येक महिने तग धरतात आणि पुढच्या पावसात उघडतात. टायर, फुटके माठ, कुंड्यांखालच्या ताटल्या यांची यादी आमचे आरोग्यसेवक दरवर्षी सांगतात. रोपांचे फेकलेले ट्रे आणि अर्धवट भरलेल्या पिशव्या याच यादीतल्या. पावसाळा हा रोपे लावायचा हंगाम, आणि डेंग्यूचाही तोच.

तिसरी वाट मातीत जाते. ऊन लागून पिशवी ठिसूळ होते आणि तिचे तुकडे पडतात, तुकड्यांचे कण होतात. मार्च २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये इटलीतील डॉक्टरांचा एक अभ्यास आला. मानेतल्या रक्तवाहिनीत साठलेला आणि शस्त्रक्रियेने काढलेला चरबीचा थर त्यांनी तपासला. २५७ पैकी १५० रुग्णांच्या थरात पॉलिथिनचे कण आढळले. पुढच्या जवळपास तीन वर्षांत या रुग्णांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका इतरांपेक्षा सुमारे साडेचार पट दिसला. या अभ्यासाने प्लॅस्टिक हेच कारण असे सिद्ध झालेले नाही. दोन गोष्टी सोबत दिसल्या, एवढेच त्यातून म्हणता येते. ते कण रोपांच्या पिशवीतून आले असेही कोणी म्हणू नये. पण पॉलिथिन म्हणजे आपल्या ओळखीची हीच वस्तू. ती रक्तवाहिनीपर्यंत पोहोचू शकते हे दिसल्यावर, जिथे ती टाळणे सोपे आहे तिथे टाळावी, इतकी सावधगिरी कोणताही डॉक्टर सांगेल.

पिशवी ती केवढी, असे वाटेल. २०१९च्या पावसाळ्यात महाराष्ट्र सरकारने ३३ कोटी झाडे लावण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. त्याआधीच्या तीन वर्षांत ते अनुक्रमे दोन, चार आणि तेरा कोटींचे होते. एका लहान पिशवीचे वजन नुसते दोन ग्रॅम धरले, तर ३३ कोटी रोपांमागे ६६० टन प्लॅस्टिक होते. हा माझा ढोबळ हिशेब आहे. अनेक पिशव्या याहून जड असतात आणि सगळीच रोपे पिशवीतली नसतात. हेही मान्य केले पाहिजे की शेतातल्या प्लॅस्टिकमध्ये रोपांच्या पिशवीचा वाटा लहान आहे. मल्चिंगचा कागद आणि ठिबकच्या जुन्या नळ्या यांच्यापुढे ती काहीच नाही. फरक इतकाच की मल्चिंगला सोपा पर्याय अजून हाताशी नाही, आणि पिशवीला बऱ्याच ठिकाणी आहे.

‘बऱ्याच ठिकाणी’ हा शब्द मी जाणून वापरला, कारण सगळीकडे नाही. टाक्याचा धागा निवडताना डॉक्टर पाहतो की जखम भरायला किती दिवस लागतील. पटकन भरणाऱ्या जागी लवकर विरघळणारा धागा चालतो. जिथे महिनोन्‌महिने ताण राहणार तिथे न विरघळणारा घालावा लागतो. विरघळतो म्हणून तो सगळीकडे चांगला, असे म्हणणारा सर्जन रुग्ण गमावेल. रोपांचेही तसेच आहे. काकडी, दोडका, भोपळा यांची रोपे पंधरा दिवसांत लावायला येतात. टोमॅटोला साधारण चार आठवडे लागतात, मिरचीला पाच-सहा. वेलवर्गीय भाज्यांना आणि पपईला मुळे दुखावलेली अजिबात खपत नाहीत. पिशवी फाडताना मातीची हुंडी फुटली की रोप आठवडाभर मान टाकते. अशा रोपांना जिरणारी कुंडी वरदान आहे. मुळांना हात लागत नाही आणि टाकायला काही उरत नाही.

वनीकरणाच्या रोपाची गोष्ट वेगळी. वड, कडुनिंब, चिंच यांची रोपे सहा महिने ते दीड वर्ष रोपवाटिकेत काढतात. रोज पाणी, उन्हाचा मारा, मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून प्रवास. कागदाची कुंडी तोवर विरून गेलेली असेल आणि रोप मुळे उघडी पडून मरेल. तिथे आजच्या घडीला पुन्हा पुन्हा वापरता येणारे जाड कप, ज्यांना रूट ट्रेनर म्हणतात, ते बरे. त्यांच्या आतल्या उभ्या कंगोऱ्यांमुळे मुळे गोल न फिरता सरळ खाली जातात. आम्ही शस्त्रक्रियेची अवजारे निर्जंतुक करून वर्षानुवर्षे वापरतो, तसे हे कप धुऊन वापरायचे. भाजीपाल्याच्या रोपवाटिकांतले प्रोट्रेही काळजीने वापरले तर अनेक हंगाम टिकतात. दोन हंगामांच्या मध्ये ते ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून धुवावेत, नाहीतर मर रोग एका हंगामातून दुसऱ्या हंगामात जातो. संसर्गाचा नियम वॉर्डात आणि वाफ्यात एकच आहे.

दुसरा प्रश्न जागेचा. कुठलीही वस्तू नुसती ‘जैविकरीत्या विघटनशील’ नसते. कुठे, किती ओलीत आणि किती उष्णतेत, हे सोबत सांगावे लागते. आपला जिल्हा यासाठी नामी शाळा आहे. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, घाटघर-रतनवाडीकडे, पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात. तिथे कागदी कुंडी जुलैत आठवडाभरात लगदा होईल. पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेर हा पर्जन्यछायेतला मुलूख. तिथल्या कोरड्या मुरमाड जमिनीत काथ्याची कुंडी वर्षाने उकरली तरी ओळखू येईल अशी सापडू शकते. म्हणजे मुळांना पुन्हा भिंत ती भिंतच. नैसर्गिक आहे म्हणून ते विरघळेलच असेही नाही. नारळाची करवंटी शंभर टक्के नैसर्गिक आहे, पण तिच्यात लावलेले रोप करवंटीसकट पुरले तर माझ्या कडुनिंबासारखेच अडकून पडेल.

काही वस्तूंपासून सावध राहावे. चहाचा कागदी कप आतून पॉलिथिनच्या पातळ थराने मढवलेला असतो. तो जमिनीत पुरला की कागद जातो आणि थर राहतो. ‘ऑक्सो-बायोडिग्रेडेबल’ असे लिहिलेल्या पिशव्यांचे तुकडे लवकर पडतात, म्हणजे प्लॅस्टिक डोळ्यांआड होते, नाहीसे होत नाही. मक्यापासून किंवा उसापासून बनणारे पीएलए नावाचे प्लॅस्टिक लॅक्टिक आम्लाचे असते. आमच्या विरघळणाऱ्या धाग्यातही लॅक्टिक आम्लाचा अंश असतो, म्हणून मला त्याबद्दल ममत्व वाटायला हवे. पण शुद्ध पीएलए झपाट्याने कुजायला कंपोस्ट प्रकल्पातली साठ अंशांच्या आसपासची उष्णता आणि भरपूर ओल लागते. शेवगाव-नेवाशाच्या बांधावर ती कुठून येणार? ‘कंपोस्टेबल’ म्हणून विकत घेताना पिशवीवर आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक पाहावे, आणि ते मानकही अशा कंपोस्ट प्रकल्पातल्या परिस्थितीचे आहे, घरच्या कुंडीतले नव्हे, हे लक्षात ठेवावे.

एवढे सगळे ऐकून कोणी म्हणेल, मग करायचे तरी काय? परसबागेपुरते उत्तर फारच सोपे आणि फुकट आहे. आज हे पान वाचून झाले की त्याचे घ्या. वर्तमानपत्राची लांब पट्टी पाण्याच्या ग्लासाभोवती तीन-चार वेढे गुंडाळायची, खालची कड आत दुमडून दाबायची, ग्लास काढून घ्यायचा. कुंडी तयार. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ गुंडाळू नका असे आम्ही डॉक्टर सांगतो, ते बरोबरच आहे. रोपासाठी मात्र काळ्या शाईचे साधे पान चालते, चकचकीत रंगीत पुरवणी नको. पळसाच्या पानांचा द्रोण हीदेखील जुनी आणि उत्तम कुंडी आहे. वेलभाज्यांचे पंधरा दिवस तो सहज काढतो.

लावताना तीन गोष्टी पाळाव्यात. लावण्याआधी कुंडी पाण्यात भिजवावी, कारण कोरडी कुंडी भोवतालची ओल शोषून घेते आणि मूळ तहानलेले राहते. कुंडीची वरची कड मातीखाली गाडावी किंवा फाडून टाकावी. कड बाहेर राहिली तर ती कंदिलाच्या वातीसारखी आतले पाणी वर ओढते आणि उन्हात उडवते. आपल्याकडच्या कोरड्या वाऱ्यात रोप मरण्याचे हे मोठे कारण ठरू शकते. आणि तळ बोटाने फाडून द्यावा. हे करायचे विसरलात तरी कागदी कुंडी आज ना उद्या वाट देईल, हाच तर तिचा गुण. कागद, काथ्या कुजताना जंतू मातीतला नत्र वापरतात, त्यामुळे पाने थोडी पिवळी पडू शकतात. मूठभर गांडूळखत घातले की पुरते.

शेणाच्या कुंड्या घरी करणाऱ्यांना डॉक्टर म्हणून एक ताकीद. शेणात आणि मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. हाताला भेग किंवा जखम असेल तर उघड्या हाताने शेण मळू नका. पूर्ण कुजलेले खत घ्या, हातमोजे घाला आणि शेवटचे धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन दहा वर्षे झाली असतील तर सरकारी दवाखान्यात टीडीची मात्रा घ्या. दमेकऱ्यांनी कुजक्या काथ्याचा आणि खताचा बारीक धुरळा नाकात जाऊ देऊ नये. आधी पाणी शिंपडावे, मग ढवळावे.

कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचे बियाणे कसे जपले हे जिल्ह्याला सांगायला नको. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आपण सगळ्यांनीच कौतुक केले. असे देशी वालाचे, दोडक्याचे बी आता शहरातली माणसेही हौसेने आणतात. इतक्या निगुतीने जपलेले बी रुजवायला आपण काळी पिशवी घ्यावी, हे मनाला पटत नाही.

परसबाग सोडून व्यवसायाकडे आले की खर्चाचा मुद्दा येतो, आणि तो खरा आहे. काळी पिशवी पैशांत मिळते, जिरणारी कुंडी रुपयांत. टोमॅटोचा भाव कधी जमिनीवर येईल हे माहीत नसलेल्या संगमनेरच्या शेतकऱ्याला रोपामागे रुपया जास्त दे, असे सांगायला माझी जीभ धजत नाही. त्याचा प्रोट्रे चांगला आहे, तो त्याने नीट वापरावा. रुपया जास्त मोजायचा तो सरकारने आणि संस्थांनी, जिथे खरेदी एकगठ्ठा होते. २०१८च्या प्लॅस्टिकबंदीच्या अधिसूचनेत रोपवाटिका आणि फलोत्पादनासाठी कंपोस्ट होणाऱ्या पिशव्यांना मुभा ठेवली होती. म्हणजे पर्यायाचा विचार कागदावर झालेला होता. बांधावर अजून पातळ काळी पिशवीच दिसते.

कच्चा माल तर आपल्या दारात आहे. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हापासून हा जिल्हा उसाचा. उसाचे चिपाड बॉयलरमध्ये जाते, त्यापासून वीज होते, कागद होतो, अलीकडे ताटल्या-वाट्याही होतात. त्याच लगद्याच्या, वरून प्लॅस्टिकचा थर न दिलेल्या कुंड्या बचत गटांच्या बायकांनी दाबून काढायला काय हरकत आहे? पिशव्या भरणाऱ्या माझ्या मावशींना त्यात चार पैसे जास्त मिळतील आणि घरी न्यायला फाटकी पिशवी उरणार नाही. फक्त आधी तपासणी हवी. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ पासून आपल्या शेजारी आहे. कुठली कुंडी अकोल्याच्या पावसात किती दिवस टिकते आणि पाथर्डीच्या जमिनीत किती दिवसांत जिरते, हे मोजून सांगणारा एक साधा तक्ता तिथून मिळाला तर रोपवाटिकांना निवड करता येईल. औषधाच्या बाटलीवर मुदत लिहिलेली असते, तशी कुंडीवर असावी: किती दिवस टिकेल, कुठल्या जमिनीत जिरेल.

आणि जिथे आज प्लॅस्टिकची पिशवी टाळताच येत नाही तिथे? तिथे शस्त्रक्रियागृहातला एक नियम उसना घ्यावा. पोट शिवण्याआधी सिस्टर गॉजचे तुकडे मोजतात. जेवढे आत गेले तेवढे बाहेर आले पाहिजेत. एक कमी भरला तर सर्जन कितीही मोठा असो, पुढचा टाका पडत नाही. शोधाशोध होते, लागला तर एक्स-रे काढतात. हा नियम येण्याआधी चांगल्या चांगल्या डॉक्टरांच्या हातून गॉज पोटात राहिलेले आहेत. ते डॉक्टर निष्काळजी नव्हते, त्यांच्याकडे मोजायची पद्धत नव्हती. वृक्षारोपणात आपण लावलेली रोपे मोजतो, आलेले पाहुणे मोजतो. काढलेल्या पिशव्या कोणी मोजत नाही. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळून राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारने डोंगर हिरवे केले, त्या जिल्ह्याला पिशव्या मोजणे जड जाऊ नये. रोपे देणाऱ्या कार्यालयाने पिशव्या मोजून परत घ्याव्यात आणि त्या पुनर्वापराला पाठवाव्यात. अनुदानाचे किंवा अहवालाचे कागद त्या आकड्याशिवाय पुढे सरकू नयेत.

यंदा आमच्याकडे पुन्हा वृक्षारोपण आहे. परसबागेतली शेवग्याची आणि पपईची रोपे या वेळी आम्ही कागदाच्या कुंड्यांत केली आहेत. परिचारिका मुलींनी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत त्या वळल्या. कुंपणाकडेची मोठी झाडे मात्र पिशवीतच येणार आहेत. माळीकाकांना मी सांगून ठेवले आहे की खड्ड्यांशेजारी एक मोठे घमेले ठेवा. साठ रोपे येतील तर घमेल्यात साठ पिशव्या पडल्या पाहिजेत. आकडा जुळला की मग फोटो. कडुनिंबाच्या जागी पुन्हा कडुनिंबच लावायचा आहे, आणि त्याची पिशवी मी स्वतः, चष्मा लावून, काढणार आहे.